देवाने आधी वाचलेलं पत्र

“कागद इलो म्हणान तसोच फोडूचो नाय गो. पयलो देवाच्या पायाकडे ठेवूचो. रातभर थंय ऱ्हवांदे. सकाळी न्हावन, पूजा करून मगे फोड. बरां आसलां तर देवान दिल्यान म्हणूचां. वायट आसलां तर आपल्या आधी देवान वाचल्यान.”

हा हुकूम विमलाच्या सासूचा, हौसाबाईचा. हौसाबाईला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण तोंडवलीच्या त्या घरापुढे पोस्टमनची सायकल थांबली की तिचा आवाज अजून ओसरीवर यायचा. तिच्या सांगण्याला कारणही तसंच होतं. थोरला मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. तो गेल्याचा कागद आला तो नेमका भाकऱ्या थापायच्या वेळी. हौसाबाईला वाचता येत नव्हतं. वाटेने जाणाऱ्या कोणाला तरी हाक मारून तिने तो चुलीपुढेच वाचून घेतला. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला, तरी ती उतरवायचं कोणाला सुचलं नाही. त्यानंतर त्या घरात आलेला एकही कागद देवाच्या आधी कोणी वाचला नाही.

विमला सोळाव्या वर्षी वेंगुर्ल्याहून लग्न होऊन आली आणि सासूचे सगळे नेम तिने अंगाला लावून घेतले. पहाटे तुळशीला पाणी, सोमवार, एकादशी, चातुर्मास. नेम तिला कधी जड वाटले नाहीत. उलट नेम आहेत म्हणून दिवस आहे, असं तिला वाटायचं. देवाशी ती फारसं बोलत नसे. समोर बसायची, निरांजन लावायची, उठायची.

गेली नऊ वर्षं देवांच्या पायाशी जे कागद रात्र काढत होते, ते बहुतेक सगळे एकाच बाईचे होते. नूरबानोचे. विमलाच्या देवांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

नूरबानो आणि विमला एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. दोघींच्या दारांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा. एकीच्या चुलीतला विस्तव गेला की दुसरीच्या चुलीतला निखारा गडग्यावरून यायचा. सुक्या मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन दोघी मिळून आचऱ्याच्या बाजाराला चालत जायच्या. वाटेत नूरबानो बोलायची, विमला ऐकायची. नूरबानोला सगळं बारकाईने लागायचं. अमकी बरी आहे, असं कोणी सांगितलं की ती तिथेच अडवायची, “बरी म्हणजे कशी? जेवता? हसता? सुनेवांगडा बोलता?” सांगणाराच शेवटी कंटाळून गप्प बसायचा.

नवरा गेल्यावर मुस्तफा, तिचा मुलगा, तिला कुवेतला घेऊन गेला. ते शहाण्णव साल. जाताना दोघी रडल्या नाहीत. रिक्षा वळणावर गेल्यावर विमला घरात आली आणि तिला दिसलं, की आपण नूरबानोकडची विळी परत द्यायची विसरलो.

मग पत्रं सुरू झाली. निळी, पातळ, विमानाची. पंधरा पंधरा दिवसांनी यायची. “हंय समुद्र आसा, पण तेका वास नाय,” असं नूरबानो लिहायची. “हंय पापलेट बर्फात निजलेला मिळता. तेका खंयच्या दिवशी पकडल्यानी तां तेका पण म्हायत नसतला.” विमला ते पत्र रात्रभर देवापुढे ठेवायची, सकाळी पूजा झाली की पदराला हात पुसून उघडायची आणि मग दिवसभर अधूनमधून एकटीच हसायची. पंधरा दिवस विमानात आणि पोस्टाच्या थैलीत काढलेल्या पत्राला एक रात्र आणखी काय जड होती?

दोन हजार दोन साली हे सगळं पालटलं. नूरबानोच्या नातीने, सुमय्याने, एक युक्ती काढली. नूरबानो पूर्वीसारखीच हाताने लिहायची. सुमय्या तो कागद एका काचेच्या यंत्रावर पालथा घालायची, आणि इकडे मालवणात वर्षालीच्या दुकानातून तो जसाच्या तसा बाहेर पडायचा. तीच वेलांटी, तीच खाडाखोड, चहाच्या कपाचा डाग पडला असेल तर तोही. विमलाने पहिल्यांदा तो कागद हातात घेतला तेव्हा डागावर बोट फिरवून पाहिलं होतं. डाग कोरडा होता, म्हणजे छापलेला होता, पण कप नूरबानोचाच.

वर्षालीचं दुकान एस.टी. स्टँडच्या मागे. आधी तिथे नुसता फोन होता आणि काचेची खोली. मग झेरॉक्स आलं, मग पाटीवर इंटरनेट हा शब्द रंगवून घेतला. आता बारावीचे निकाल, रेल्वेची तिकिटं, मुलींची स्थळं, आंब्याच्या पेट्यांची मागणी, तोंडवलीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांचं बुकिंग, सगळं तिच्या तीन मशीनमधून जात-येत होतं. नवऱ्यामागे तिने हे दुकान एकटीने उभं केलं होतं आणि तिचीही एक शिस्त होती. दुसऱ्याचं पत्र छापून पालथं निघालं, की ते ती पालथंच घडी घालायची, पाकिटात सरकवायची आणि डिंक लावायची. विमलाचा नवरा गुणाजी जाळ्याच्या दोऱ्यासाठी नाहीतर बर्फासाठी मालवणला गेला की तिथे डोकावायचा आणि पाकीट असलं तर घेऊन यायचा.

पूर्वीच्या पत्रात पंधरा दिवसांपूर्वीची नूरबानो असायची. आताच्या पत्रात आज सकाळची. विमलाला याचं नवल वाटायचं, आनंदही व्हायचा. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. पत्रं लवकर येऊ लागली तशी ती आखूड होत गेली. आणि गेल्या वर्षभरात अक्षरं मोठी मोठी होत चालली होती, ओळी उजवीकडे उतरत चालल्या होत्या. विमलाने वर्षालीला निरोप धाडला, तुझ्या मशीनला काहीतरी झालंय, अक्षर तिरकं येतं. वर्षालीने मशीन साफ करून घेतलं.

दोन हजार पाच सालचे गणपती पोचवून पंधराएक दिवस झाले होते. शुक्रवार होता. दुपारी एकच्या सुमाराला गुणाजी मालवणहून आला आणि त्याने खिशातून पाकीट काढलं.

“घे गो, तुज्या नूरीचां पाकीट. वर्षाली म्हणता, आजच इलां.”

“ठेवा थंय पाटार. हात धुतंय.”

“माका काय धीर नाय बाबा. मी आसलंय तर वाटेतच फोडीन.”

“म्हणानच तुमका कोण कागद धाडणा नाय,” विमला म्हणाली, आणि हात धुऊन तिने पाकीट देवांच्या पायाशी ठेवलं. संध्याकाळी निरांजन लावताना तिने पाकिटाकडे बघितलं. उद्या सकाळी नूरी काहीतरी बोलणार, या खुशीत ती झोपली.

सकाळी पूजा आटोपून तिने पाकीट उघडलं. एका कागदावर दहा-बाराच ओळी. प्रत्येक अक्षर लहान मुलाने गिरवल्यासारखं मोठं.

“विमल, साखर डोळ्यांत उतारली. डावो गेलो तो गेलोच. उजव्यात आता रगत येता. मंगळवारी ऑपरेशन. दिसतलां काय नाय तां डॉक्टर सांगूक तयार नाय. मी मुस्तफाक सांगलंय, माका आधी विमल बघूची आसा. सुमय्याच्या मशिनीत माणूस दिसता, बोलता. आज शुक्रवार, तेंका सुट्टी आसा. तू आज साडेचारांक वर्षालीकडे ये. मी बसान आसतलंय. नवी साडी नेस.”

विमलाने ‘आज’ हा शब्द पुन्हा वाचला. मग वरची तारीख बघितली. कालची होती.

ती तशीच उठली. गुणाजी रापणीला, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला गेला होता. तिने दाराला कडी घातली आणि साडेआठची एस.टी. गाठली. तासाभराच्या त्या वाटेत तिने नेहमीप्रमाणे नामस्मरण सुरू केलं, पण पन्नाशीच्या पुढे मोजणी गेलीच नाही. दरवेळी साडेचारवर येऊन थांबायची.

वर्षाली दुकान झाडत होती. तिला बघताच तिने केरसुणी खाली ठेवली.

“काकी, काल खंय होतास तुमी? ती तुमची कुवेतची बाय दीड तास बसली होती.”

“तुया बघलंस तिका?”

“बघलंय म्हणजे? साडेचारांक ह्या मशिनीर इली. मी सांगलंय, काकी येतली आसतली, एस.टी. उशिरा आसतली. इस्त्रीचो दुपट्टो, केसांक मेंदी. लग्नाक इल्यासारखी बसली होती. माज्या दाराचो आवाज झालो की विचारी, ‘इली काय?’ एकदा गिऱ्हाईक इलां, एकदा कुत्रो इलो. मी तुमच्या वाण्याक फोन लावलंय, तेचो फोन पावसापासून मेलेलो.”

विमला खुर्चीच्या कडेला टेकली. “मगे?”

“मगे काय. सहाक उठली. उठताना माका म्हणाली, ‘तिका कागद पोचूक नाय आसतलो गो. पोचलो आसतो तर ती चलत इली आसती.’”

 कागद साडेचारला आपल्या देवघरात होता, हे विमलाला सांगता आलं नाही. वर्षालीसमोरच काय, पण स्वतःशीसुद्धा.

“आता धाड काय तां,” ती शेवटी म्हणाली. “सांग, विमल इली आसा. बसान आसा.”

वर्षालीने लिहून धाडलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. पूर्वी ज्या उत्तराला महिना लागला असता ते दहा मिनिटांत आलं, आणि तरी उशिराच आलं. सुमय्याने कळवलं होतं: दादीला आज सकाळीच इस्पितळात दाखल केलं. साखर खाली आणायची आहे. मंगळवारपर्यंत तिथेच.

परतीच्या एस.टी.त शेजारच्या बाईने विचारलं, “बरां वाटणा नाय काय?” विमला म्हणाली, “बरां आसा.” आणि म्हणता म्हणता तिला वाटलं, नूरी इथे असती तर म्हणाली असती, बरां म्हणजे कसां?

संध्याकाळी गुणाजीला सगळं कळलं. तो बराच वेळ ओसरीवर दोरा वळत बसला. मग म्हणाला, “आईन सांगल्यान तेव्हा कागद पंधरा दिवसांनी येय. आता तो सकाळी लिवतत नि दुपारी पोचता. आता देवाक पण घड्याळ व्हया.”

“देवाचां कित्या नाव घेतास? ठेवलंय मी.”

“तुका बोलणा नाय गो मी. मी फकस्त सांगतंय.”

चुकलं कोणाचं, याचा विमलाने चार दिवस विचार केला. सासूचं नव्हतं. सासूने जळक्या भाकरीपुढे बसून ते शहाणपण मिळवलं होतं. देवाचं तर नव्हतंच. कागदाची चाल बदलली होती, आणि घरातल्या कोणीच ते देवाला सांगितलं नव्हतं. पण असा विचार करून मन हलकं होत नव्हतं. डोळ्यांसमोर सारखी एक बाई यायची. इस्त्रीचा दुपट्टा घेऊन बसलेली, दार वाजलं की मान वर करणारी.

मंगळवारी तिने आळणी उपास केला. नवस मात्र बोलली नाही. देवाला काही द्यायचं कबूल करून त्याच्याकडून काम करून घ्यायचं तिला कधी जमलं नव्हतं. ती नुसती देवांपुढे बसली आणि एकदाच हळूच म्हणाली, “तुमी वाचलात ना तेव्हा? मगे बघा आता.”

बुधवार कोरडा गेला. गुरुवारी भर दुपारी गुणाजी आला तो दारातूनच पाकीट पुढे करत. मुद्दाम त्यासाठीच तो मालवणला जाऊन आला होता, हे त्याने सांगितलं नाही. हातात ना दोरा होता ना बर्फ.

“फोड,” तो म्हणाला.

विमलाने पाकीट हातात घेतलं.  तिने देवघराकडे बघितलं, मग अंगणातल्या उन्हाकडे. मग पाकीट देवांच्या पायाशी ठेवलं आणि ती विहिरीवर गेली.

“अगो, परत तांच?” गुणाजी मागून म्हणाला.

तिने भर दुपारी डोक्यावरून दोन कळशा ओतून घेतल्या. ओलेत्याने आत आली, सुती लुगडं नेसली, आणि देव ताम्हणात काढले. सकाळी एकदा न्हायलेल्या देवांना तिने पुन्हा पाणी घातलं, पुसलं, गंध लावलं, सकाळच्या फुलांतली उरलेली दोन तगरीची फुलं वाहिली, निरांजन लावलं. गुणाजी दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.

“दुपारची न्हाणी देवांक?”

“उकडता तेंका,” विमला म्हणाली. तिने नमस्कार केला आणि पाकीट उचलून उघडलं.

अक्षर नूरबानोचं नव्हतं. सुमय्या चौथीपर्यंत मालवणात शिकलेली, तिचं अक्षर अजून चौथीतलंच होतं. “विमलआजी, ऑपरेशन झालं. पट्टी काढून पाहिली. दादीला उजेड कळतो, अंधार कळतो. माणसं कळत नाहीत. पुढे काही फरक पडेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. ती उद्या घरी येईल. ती म्हणते, शुक्रवारी साडेचारला ये. ती म्हणते, ह्या खेपेला देवाला माझा सलाम सांग आणि लवकर उघड.”

शेवटची ओळ विमलाने दोनदा वाचली. मग कागद घडी घालून पदरात ठेवला. नूरीला कळलं होतं तर.

शुक्रवारी साडेचारला वर्षालीच्या दुकानी पोचायचं, तर विमला एक वाजताच जाऊन बसली. नवी साडी नेसली होती. कोणासाठी, ते तिने स्वतःला विचारलं नाही. भारनियमनाची वेळ नेमकी चार ते सहा होती, म्हणून वर्षालीने शेजारच्या फोटो स्टुडिओच्या जनरेटरवरून वायर ओढून घेतली होती. बरोबर साडेचारला मशीनवर आधी चौकटी चौकटी दिसल्या, मग त्या चौकटींचा चेहरा झाला.

नऊ वर्षांनी विमलाने नूरबानोला बघितलं. गाल बसले होते. केस लालसर, मेंदीचे. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तोंड भलतीकडेच, मशीनच्या बाजूच्या भिंतीकडे. सुमय्याचा हात आला आणि त्याने हनुवटी धरून चेहरा समोर वळवला.

“इली?” नूरबानोने विचारलं. ओठ आधी हलले, आवाज मागाहून आला.

“इलंय.”

“मेली. आठ दिवस उशिरान.”

विमलाने ठरवून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. “नूरी, कागद माका त्याच दिवशी मिळालो होतो. दुपारी एकाक. मी तो देवाकडे ठेवलंय.”

समोरचा चेहरा हलेना. विमलाला वाटलं, मशीन अडकलं. तिने वर्षालीकडे बघितलं. वर्षाली मान खाली घालून उभी होती.

“हौसाबाईचो हुकूम,” नूरबानोचा आवाज आला. “माका अर्ध्या तासानच याद इली गो. मगे काय करतलंय? ह्या पोरांपुढे कसां सांगतलंय, की माझी मैतरीण घरात कागद ठेवन निजली आसा? म्हणान म्हटलंय, पोचूक नाय आसतलो.”

विमलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“तुज्या देवान आधी वाचल्यान ना?” नूरबानो पुढे म्हणाली. “मगे तेणा तरी येवचां होतां मालवणाक. माका तो चललो आसतो.”

वर्षाली तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली. हसत होती की काय, कळलं नाही.

“रडतस?”

“नाय.”

“आवाजातसून कळता. दिसणा नाय तां बरां. तू रडताना वायट दिसतस, पयल्यापासून.” मग तिने विचारलं, “आता कशी दिसतस, सांग.”

विमलाला आपण कशा दिसतो ते कधी सांगावं लागलं नव्हतं. ती अडखळत म्हणाली, “केस पिकले. फुडचे दोन दात गेले. बारीक झालंय.”

“कानांतली कुडी?”

“त्याच.”

“साडी?”

“नवी. हिरवी, अळवाच्या पानासारखी. काठ तांबडो.”

“हं.” नूरबानोने ते सगळं जोडून बघितल्यासारखी मान हलवली. “बरी दिसतस.”

 जनरेटर धडधडत होता. कुवेतमध्ये कोणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज मालवणात ऐकू येत होता.

“विमल,” नूरबानो म्हणाली, “हंय पोरां चांगली आसत. मशिनीत बघतत नि माका सांगतत, दादी, मालवणात आज ऊन आसा. दादी, तोंडवलीचो फोटो इलो. हाटेलवाल्यांनी टाकलेलो. दिसत होतां तेव्हा मी बघलंय तेंचे फोटो. माड आसत, वाळू आसा, माणूस नाय एक. आणि गावात कसां आसा म्हणान विचारलंय, तर सगळी सांगतत, बरां आसा. गावातसून फोन करणारे पण तांच. बरां आसा, बरां आसा. माका बरां नको गो. माका खरां व्हया. रापणीत काय इलां, किती इलां, दोरीक कोण होतो, कोण नव्हतो. तू दर शुक्रवारी येवन सांगशीत?”

 चातुर्मासाचे चार महिने विमला मासा खात नसेच, शिवतही नसे. कोळ्याच्या घरात असून त्या दिवसांत रापणीच्या वेळी ती किनाऱ्याकडे फिरकत नसे. मासे तडफडताना बघायचे नाहीत, हा तिचा स्वतःचा नेम, सासूचाही नव्हे. गुणाजी चार महिने आपलं कालवण मागच्या पडवीत स्वतः रांधायचा आणि त्याबद्दल गावभर सांगत फिरायचा.

नूरबानोलाही ते ठाऊक होतं. “तुजो चातुर्मास आसा,” ती आपणहून म्हणाली. “कार्तिकापासून सांग. मी खंय जातंय?”

विमलाने समोरच्या काळ्या चष्म्याकडे बघितलं. मागच्या खेपेला ती एक रात्र थांबली होती.

“कार्तिक कित्याक?” ती म्हणाली. “फुडच्या शुक्रवारी सांगतलंय.”

“गुणाजीक विचारून सांगू नको हां. तो वाढवन सांगता.”

“मी बघून येतलंय. माज्या डोळ्यांनी.”

“शब्द?”

“शब्द,” विमला म्हणाली, आणि तेवढ्यात चेहऱ्याच्या पुन्हा चौकटी झाल्या.

पुढच्या शुक्रवारी ती रोजच्यापेक्षा आधी उठली. गुणाजी अंधारातच रापणीला गेला होता. तिने तुळशीला पाणी घातलं, पूजा केली. देवांपुढे बसली तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं.  पण निरांजन शांत होईपर्यंत ती नुसती बसली, मग दार ओढून घेऊन निघाली. हातात पाटी घेतली नाही, पिशवी घेतली नाही.

सुरूच्या झाडांतून किनाऱ्याची वाट उतरते. लांबून दोरी ओढणाऱ्यांचा ठेक्यातला आवाज येत होता. अजून बाहेर निघालेली नव्हती रापण. तिने कान देऊन आवाज ओळखायचा प्रयत्न केला. दोरीवर नेहमी असणाऱ्या लवूचा आवाज त्यात नव्हता. हे सांगायचं, तिने मनात नोंदवलं. आजारी आहे की मुंबईला गेला, ते विचारून सांगायचं.

मागून शेजारची सुगंधा रिकामी पाटी घेऊन येत होती, उशीर झाला म्हणून पळत. विमलाला त्या वाटेवर बघून ती थबकलीच.

“काकी? चातुर्मासात किनाऱ्यार?”

“बघूक जातंय.”

“काय बघूक?”

“सगळां,” विमला म्हणाली, आणि वाट सोडून तिला आधी जाऊ दिलं. मग पदर खोचून, वाळूत पाय रोवत, हळूहळू आवाजाच्या दिशेने चालू लागली.